जुन्या रायफलचा बार फुसका का जातो?

(डोंगरकडा, ता. कळमनुरी, जि. हिंगोली येथे शेतकऱ्यांसमोर दिलेले व्याख्यान)



हळदीतील कंदकूज या विषयावर मला जे सांगायचे होते ते चहापूर्वी सांगून झाले. आता बोलणार आहे ते चहाच्या वेळी निघालेल्या एका प्रश्नावर. आपल्यापैकी एक बंधू मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, आमच्या घरी आजोबांच्या वेळची पॉइंट टू-टू रायफल आहे. परवाना आता माझ्या नावावर आहे. दहा काडतुसे घातली तर त्यातली तीन-चार उडतच नाहीत. नुसता खट् आवाज येतो. काय बिघडले असेल?" मी विचारले, "उडाले नाही की तुम्ही काय करता?" ते म्हणाले, "काय करणार, बोल्ट उघडतो, काडतूस काढतो आणि नळीत डोळा लावून बघतो, काही अडकलंय का."

हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. म्हणून ठरवले, की या प्रश्नाचे उत्तर एकट्याला न देता सर्वांसमोर द्यावे. मी कृषिविद्येचा व्याख्याता आहे, बंदूक दुरुस्त करणारा कारागीर नाही. परंतु महाविद्यालयात असताना एन.सी.सी.मध्ये होतो आणि आज विद्यार्थ्यांच्या तुकडीचे काम पाहतो. पॉइंट टू-टू रायफलवरच आमची मुले नेमबाजी शिकतात. त्या रायफली जुन्या असतात, त्यामुळे फुसके बार मी भरपूर पाहिले आहेत.

आधी एक अनुभव

मी विद्यार्थी असतानाची गोष्ट. फायरिंगला आम्ही ओळीने पोटावर पडलो होतो. माझ्या शेजारच्या मुलाची रायफल खट् वाजली, बार उडाला नाही. त्याने बोल्ट उचलून पुन्हा कॉक केला आणि "उस्ताद, उडत नाही" असे म्हणत रायफलसह मागे वळला. नळी आमच्या तिघा-चौघांच्या पाठीवरून फिरली. बोट चापावरच होते. उस्तादांनी झडप घालून नळी जमिनीत दाबली आणि त्याच क्षणी बार झाला. पहिल्या ठोक्याला न उडालेले काडतूस दुसऱ्या ठोक्याला उडाले होते. माती उडाली, कोणाला काही झाले नाही. त्या दिवशी उस्तादांनी दिलेली शिकवण अशी : "जे काडतूस उडालं नाही ते मेलं असं कधी समजायचं नाही."

बार उडाला नाही तर पहिले एक मिनिट

बार न झाल्यावर तीन शक्यता असतात. पहिली, काडतूस पूर्ण फुसके. दुसरी, काडतुसात ठिणगी पडली आहे पण दारू उशिराने पेटत आहे, म्हणजे बार क्षणभराने होऊ शकतो. तिसरी, दारू अर्धवट जळून गोळी नळीतच अडकली आहे. बाहेरून या तिन्हींतला फरक लगेच कळत नाही. म्हणून प्रत्येक वेळी एकच क्रम पाळावा.

१) नळी होती त्याच सुरक्षित दिशेला, मातीच्या बांधाकडे ठेवावी. वळू नये, कोणाला दाखवायला जाऊ नये.
२) बोट चापावरून काढावे. चेहरा बोल्टच्या मागून बाजूला घ्यावा.
३) मनात साठ अंक मोजावेत. घाई करू नये.
४) मग बोल्ट हळूच उघडून काडतूस बाहेर काढावे.
५) आवाज 'खट्' ऐवजी 'फुस्' असा दबका आला असेल, तर दुसरे काडतूस मुळीच घालू नये. गोळी नळीत अडकली असण्याचा संभव असतो आणि तिच्यामागून दुसरी गोळी गेली तर नळी फुटते.
६) नळी पाहायची असेल तर रायफल पूर्ण रिकामी करून, बोल्ट काढून, मागच्या बाजूने उजेडाकडे पाहावे. तोंडाच्या बाजूने डोळा कधीही लावू नये.

एवढे पाळले तर पुढचे सगळे दुरुस्तीचे काम आहे. एवढे पाळले नाही तर पुढचे सांगण्यात अर्थ नाही.

हे काडतूस उडते कसे?

बारा बोअरच्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध टोपी असते. पिन तिच्यावर आपटते. पॉइंट टू-टूच्या काडतुसाला अशी टोपी नसते. त्याच्या पितळी बुडाला बाहेर आलेली एक पातळ कड असते. ती आतून पोकळ असून तिच्यातच ठिणगी देणारे मिश्रण भरलेले असते. पिन या कडेवर आपटते, कड पिन आणि चेंबरचा काठ यांच्यामध्ये चिरडली जाते, मिश्रण पेटते आणि दारूला आग लागते. कडेवर ठोका बसतो म्हणून याला रिमफायर म्हणतात. या जातीचे छोटे काडतूस १८५७ साली अमेरिकेत स्मिथ अँड वेसन कंपनीने आपल्या रिव्हॉल्व्हरसाठी काढले. आज सर्वत्र वापरात असलेले लाँग रायफल नावाचे काडतूस १८८७ पासूनचे आहे.

या रचनेतच फुसक्या बाराचे मूळ आहे. कारखान्यात ओले मिश्रण बुडात टाकून काडतूस गरगर फिरवतात, तेव्हा ते कडेत पसरते. कुठे पसरले नाही तर कडेचा तेवढा भाग रिकामा राहतो. नेमका तिथेच ठोका बसला तर बार होत नाही. शिवाय कड जेमतेम एक मिलिमीटर जाडीची असते. पिन थोडी झिजली, ठोका थोडा मंदावला किंवा काडतूस केसभर पुढे-मागे बसले, तरी बार हुकतो.

बियाणे, तिफण की जमीन?

आपण पेरणी करतो आणि उगवण विरळ होते. तेव्हा जाणता शेतकरी लगेच बियाण्याला शिव्या घालत नाही. तो तीन ठिकाणी पाहतो. बियाणे खराब होते का? तिफणीची नळी तुंबली होती का? जमिनीत वाफसा होता का? तीन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कुठे होता ते कधीच कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

इथेही तेच. काडतूस हे बियाणे, बोल्ट-पिन-स्प्रिंग ही तिफण आणि चेंबर ही जमीन. ही तपासणी परवानाधारक रेंजवर, जाणकाराच्या देखरेखीखाली करावी. घरामागे किंवा शेतात करू नये.

ज्या डब्यातली काडतुसे हुकतात, त्याऐवजी नव्या, दुसऱ्या बनावटीच्या डब्यातली दहा काडतुसे त्याच रायफलमध्ये वापरून पाहावीत. दहाच्या दहा उडाली तर दोष जुन्या काडतुसांत आहे. नवीही हुकली तर दोष बहुतेक रायफलमध्ये आहे. खात्री करायची असेल तर जुन्या डब्यातली काडतुसे दुसऱ्या चांगल्या रायफलमध्ये घालून पाहावीत. तिथे सगळी उडाली तर शंका उरत नाही.

खूण वाचायला शिका

न उडालेल्या काडतुसाच्या कडेवर पिनेची खूण राहते. ती नीट पाहावी. पान पाहून अन्नद्रव्याची कमतरता ओळखतो, तसेच हे आहे.

खोल आणि स्पष्ट खूण : ठोका चांगला बसला आहे. दोष काडतुसात असण्याची शक्यता जास्त.

उथळ, पुसट खूण : ठोका मंद आहे. बोल्टमध्ये चिकटा, थकलेली स्प्रिंग, झिजलेली पिन किंवा घाणेरडे चेंबर ही कारणे.

कडेवर न बसता आतल्या बाजूला बसलेली खूण : पिन वाकली आहे, तुटली आहे किंवा सैल झाली आहे.

खूणच नाही : पिन तुटलेली किंवा अडकलेली आहे, अथवा बोल्ट पूर्ण बंद झाला नव्हता.

आणखी एक लक्षण महत्त्वाचे आहे. नव्या काडतुसांच्या बाबतीतही पहिल्या ठोक्याला बार होत नाही, पण त्याच काडतुसावर दुसरा ठोका मारला की होतो, असे वारंवार घडत असेल तर चेंबर पाहावे. चेंबरमध्ये मेण, शिसे आणि काजळी यांचे कडे तयार झाले की काडतूस पूर्ण आत बसत नाही. पहिल्या ठोक्याचा जोर काडतूस पुढे ढकलण्यातच खर्च होतो आणि कड चिरडली जात नाही. दुसऱ्या ठोक्याच्या वेळी काडतूस बसलेले असते, म्हणून उडते. माझ्या शेजारच्या मुलाच्या रायफलमध्ये हेच झाले होते. पुढे चेंबर घासून साफ केल्यावर ती रायफल सुरळीत चालली.

आपल्या घरात होणाऱ्या चुका

पहिली चूक तेलाची. आपल्याकडे जुनी माणसे रायफलला घरचे तेल लावीत, आणि मराठवाड्यात घरचे तेल म्हणजे बहुधा करडईचे. करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल ७० ते ७५ टक्क्यांपर्यंत असते. म्हणून ते खायला चांगले आणि म्हणूनच हवेत राहिले की सुकून चिवट पापुद्रा धरते. रंग-रोगणात करडई आणि जवसाचे तेल वापरतात ते याच गुणामुळे. बोल्टच्या आत हा पापुद्रा धरला की पिन धावत नाही, सरपटते. थंडीच्या दिवसांत पहाटे बार जास्त हुकतात, कारण गारठ्याने चिकटा आणखी घट्ट होतो. बोल्टला खाद्यतेल कधीही लावू नये. शिलाई मशीनचे पातळ तेल चालते, तेही एक थेंब.

दुसरी चूक काडतुसे ठेवण्याची. चुलीच्या वरच्या फळीवर, हळद शिजवण्याच्या कढईजवळ, पत्र्याच्या खोलीत ठेवलेली काडतुसे उष्णता आणि वाफ दोन्ही खातात. काही जण ती धान्याच्या कोठीत लपवतात. त्या कोठीत किडीसाठी धुरीच्या गोळ्या टाकलेल्या असतील तर त्यांतून निघणारा फॉस्फिन वायू तांबे आणि पितळ खातो. काडतुसावर काळे-हिरवे डाग दिसले तर ते वापरू नये. या काडतुसात गोळी नुसती हलकी दाबून बसवलेली असते. त्या सांध्यातून तेल किंवा रॉकेल आत झिरपले की मिश्रण मरते. म्हणून काडतुसे तेलकट फडक्यात गुंडाळू नयेत. कोरड्या, थंड जागी, मूळ डब्यात, कुलपात आणि रायफलीपासून वेगळी ठेवावीत.

तिसरी चूक रिकामा चाप ओढण्याची. खंडेनवमीला रायफल पूजेला काढतात, मुले हातात घेतात आणि खट्-खट् वाजवतात. बारा बोअरपेक्षा रिमफायरला याने जास्त इजा होते. आत काडतुसाची कड नसल्याने अनेक रायफलींत पिन थेट चेंबरच्या काठावर आपटते. तिथे खाच पडते, पिनेचे टोक बोथट होते. पुढे त्या खाचेसमोर कडेला आधार राहत नाही आणि बार हुकतो. पूजा जरूर करावी. हळद-कुंकू लाकडी दस्त्याला लावावे, बोल्टवर टाकू नये. हळदीच्या गावाला हे सांगावे लागते याचे हसू येईल, पण जुन्या बोल्टमधून कुंकवाचे खडे निघालेले मी पाहिले आहेत.

साफसफाई

मालकाने स्वतः करावे असे काम एवढेच आहे. बाकी सर्व कारागिराचे.

१) काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. मॅगझीन काढावे. बोल्ट उघडून चेंबरमध्ये नीट पाहून ते रिकामे असल्याची खात्री करावी. मग बोल्ट बाहेर काढावा.
२) बोल्ट रॉकेलमध्ये बुडवून मऊ ब्रशने धुवावा. पिनेच्या खाचेतला काळा चिकटा निघेपर्यंत पुन्हा धुवावा. फडक्याने पुसून पूर्ण वाळवावा.
३) चेंबरमध्ये रॉकेलने ओला केलेला बारीक पितळी तारेचा ब्रश फिरवावा, मग कोरडे फडके. खिळा, स्क्रू-ड्रायव्हर, पॉलिश पेपर घालू नये.
४) नळी मागच्या बाजूने तोंडाकडे साफ करावी.
५) तेलाचा अगदी पातळ हात फिरवून कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे. चेंबर कोरडे ठेवावे.
६) गोळी शिशाची असते आणि काजळीतही शिसे असते. औषध फवारणीनंतर धुतो तसे हात साबणाने धुतल्याशिवाय तंबाखू, पाणी, भाकरी काही घेऊ नये.

बऱ्याच जुन्या रायफली एवढ्यानेच सुधारतात. सुधारली नाही तर स्प्रिंग, पिन किंवा बोल्टची झीज हे कारण असते. स्प्रिंग ताणून लांब करणे, पिन कानशीने घासणे, बोल्टखाली पत्रा घालणे हे उद्योग करू नयेत. पिन जास्त पुढे आली तर काडतुसाची कड फाटून गरम वायू तोंडावर येतो. शस्त्र दुरुस्तीच्या धंद्याला १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना लागतो. म्हणून गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात रायफल नेऊ नये. परवानाधारक दुकानदाराकडेच न्यावी आणि परवाना सोबत ठेवावा.

फुसकी काडतुसे आगीत, विहिरीत किंवा उकिरड्यावर टाकू नयेत. पक्कडीने उघडू नयेत. वेगळी ठेवून परवानाधारक दुकानदाराकडे किंवा पोलीस ठाण्यात चौकशी करून जमा करावीत. लहान मुलांच्या हाती लागलेले फुसके काडतूस हे घरातले सर्वांत धोकादायक काडतूस होय.

आता खरा प्रश्न

रायफल सुधारली असे समजा. ती कशासाठी वापरणार? ज्या बंधूंनी प्रश्न विचारला त्यांनी मनातले सांगितले : रानडुकरे हळदीचे गड्डे उकरतात, केळीची रोपे उलथवतात. हे दुःख मी जाणतो. इसापूरच्या पाण्यावर केळी आणि हळद उभी करायची आणि एका रात्रीत वाफे उधळलेले बघायचे, हे सोसणे सोपे नाही.

परंतु पॉइंट टू-टू हे रानडुकराचे शस्त्र नव्हे. तिची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास असते. डुक्कर मरत नाही, जखमी होते, आणि जखमी डुक्कर दुसऱ्या दिवशी खुरपायला आलेल्या बायकांवर धावून जाते. दुसरे असे, की एवढीशी दिसणारी ही गोळी उंच गेली तर सुमारे दीड मैल, म्हणजे दोन किलोमीटरहून अधिक जाते. आपल्या शेतीपंपाला रात्रपाळीची वीज येते. अंधारात केळीच्या बागेत कोणाचा तरी मुलगा पाणी देत उभा असतो. हलणारे पान डुकराचे आहे की माणसाचे, हे त्या गोळीला कळत नाही.

कायद्याचेही समजून घ्यावे. शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. पॉइंट टू-टू रायफलचा उल्लेख रायफल क्लबच्या सभासदाने नेमबाजीच्या सरावासाठी वापरण्याच्या संदर्भात आहे. आपल्या परवान्यावर काय लिहिले आहे ते वाचावे आणि तेवढेच करावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार पिकाचे नुकसान करणाऱ्या प्राण्यालाही वन विभागाच्या परवानगीशिवाय मारता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे, ती संपण्याआधी नूतनीकरण करावे. परवानाधारक वारला तर शस्त्र घरात तसेच न ठेवता विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करावे आणि वारसाने रीतसर अर्ज करावा.

पिकासाठी उपाय दुसरे आहेत. सौर कुंपणाचा झटका डुकराला पळवतो, मारत नाही. मात्र घरची वीज थेट तारेत सोडू नये, त्यात माणसे मेली आहेत. बांधाला काटेरी करडईच्या चार ओळी किंवा करवंदाचे दाट कुंपण करावे. शेजारच्या चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून राखणीच्या पाळ्या लावाव्यात. नुकसान झाले तर लगेच वन विभागाला कळवून पंचनामा करून घ्यावा. तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रातही सल्ला मिळेल.

ज्या बंधूंनी प्रश्न विचारला, त्यांना चहा संपता संपता मी विचारले होते, "मग आता काय करणार?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आजोबांची आठवण आहे, टाकवत नाही. पण मुलगा दहावीत आहे. तो ती हातात घेतो." मी त्यांना एवढेच सांगितले, की आठवण ठेवायची तर साफ करून, रिकामी करून, कुलपात ठेवा. वापर नसेल तर जमा करण्याचा मार्ग आहे, आणि त्यात कमीपणा नाही. मुलाला नेमबाजीची आवड असेल तर एन.सी.सी.त घाला. तिथे उस्ताद असतात, मातीचा बांध असतो आणि न उडालेल्या बारानंतर साठ अंक मोजायला शिकवतात.

बंधूंनो, न उगवलेले बी आपण उकरून पाहतो, त्यात नुकसान नाही. न उडालेल्या काडतुसाला मात्र आधी एक मिनिट द्या. एवढी एक गोष्ट आपण आज घरी घेऊन गेलात तरी माझे येणे सार्थकी लागले असे मी समजेन.